दोनदा धुतलेला स्वेटर

मयूरी खराडे इतक्या वर्षांनी घरी आली आणि भिंगरी तिच्यावर गुरगुरली.

मी तिथंच होते, भिंगरीला, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला, सलाईन लावायला आलेले. मयूरीनं बॅग दारात टाकली, बूट काढले आणि सरळ फरशीवर बसून हात पुढं केला. भिंगरीला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, पण कुणी आलं की पायाखालच्या फरशीवरून तिला कळायचं. ती मान खाली घालून, मागचे पाय फरफटवत आली. तिनं मयूरीची बोटं हुंगली, मनगट हुंगलं. मग घशातून तो आवाज काढला, जो ती एरवी कुरिअरवाल्यासाठी राखून ठेवायची. आणि वळून आपल्या कोपऱ्यात, गंधपेटीपाशी जाऊन बसली.

"वय झालंय तिचं," मयूरीचे वडील हिंदुराव म्हणाले. "मनाला लावून घेऊ नगंस."

मयूरी हसली. पण तिनं ते मनाला लावून घेतलेलं मला दिसत होतं. विमानतळावरून निघाल्यापासून ती फोन करून एकच विचारत होती, भिंगरी जागी आहे ना.

मी डॉ. नाईकवडी, गडहिंग्लजमधली जनावरांची डॉक्टर. आता इथल्या निम्म्या म्हशींच्या कानात पट्टी असते आणि म्हशीला ताप आला की मला मेसेज येतो. मालक नंतर उठतो. यंत्रांशी माझं वाकडं नाही. यंत्रं विकणाऱ्यांशी आहे, आणि त्याहून जास्त, यंत्र आलं म्हणून हात झटकून मोकळं होणाऱ्यांशी. मयूरीशी माझं काही वर्षं मनातल्या मनात वाकडं होतं ते यामुळंच. ती आली त्या दिवशी मात्र मला तिची दया आली.

खराड्यांची पिठाची गिरणी माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत. हिंदुराव गिरणी चालवायचे आणि त्यांची बायको शालन घर आणि हिंदुराव दोन्ही चालवायची. दुपारी गिरणी बंद झाली की शालन माझ्या दवाखान्यात येऊन बाकावर बसायची, अंबाडा सोडून पुन्हा बांधायची आणि गल्लीतल्या बातम्या द्यायची. मयूरी कॉलेजात असताना बाजार समितीच्या मागून एक तांबडं पिल्लू उचलून घेऊन आली. "मी सांभाळतो हिला, कुणी हात लावायचा नाही," आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी ती ठसक्यात म्हणाली होती. शिक्षण संपलं आणि ती नोकरीसाठी रॉटरडॅमला गेली. सांभाळलं शालननं.

पिल्लू स्वतःच्या शेपटीमागं गोल गोल पळायचं, म्हणून तिचं नाव भिंगरी. म्हातारपणी ती पुन्हा गोल फिरायला लागली, पण ते वेगळं होतं. कुत्र्यांच्याही मेंदूत वयाबरोबर चिकट प्रथिनं साचत जातात आणि माणसांसारखाच त्यांना विसर पडतो. दिवस कुठला, रात्र कुठली कळत नाही. जन्म गेलेल्या घरात वाट सापडत नाही. भिंगरी कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात शिरायची आणि मागं कसं यायचं ते न सुचून तिथंच रडत उभी राहायची. शालन तिला उचलून बाहेर काढायची, पाठीवरून हात फिरवायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. बिचारी शालन. तिच्या स्वतःच्या कंबरेचे तेव्हा हाल होते.

मयूरीला हे सगळं फोनवर दिसायचं. तिकडं समुद्राचं पाणी वरचेवर चढत चाललेलं, बंदराला नवी भिंत घालायचं काम सुरू, आणि ती त्या कामावर इंजिनिअर. तिला यायला जमत नव्हतं. मग तिनं पेटी पाठवली.

गंधपेटीमागचं शास्त्र खरं आहे, एवढं मी मान्य करते. आपल्या कातडीवर असंख्य जिवाणू राहतात. ते आपला घाम आणि तेल खातात आणि त्यातून शेकडो प्रकारचे हलके, हवेत उडून जाणारे पदार्थ तयार होतात. कुणाच्या अंगावर कुठले जिवाणू, तो माणूस काय खातो, कुठल्या हवेत राहतो, यावर त्या पदार्थांचं प्रमाण ठरतं. दोन माणसांचं प्रमाण सारखं नसतं. कुत्र्याच्या लेखी तेच माणसाचं नाव आणि तोच त्याचा तोंडवळा. शिवाय डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढं जातं. वास मात्र जवळजवळ थेट आठवणींच्या जागी पोचतो. म्हणून बाकी सगळं पुसलं गेलं तरी ओळखीचा वास बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकतो.

पुण्याच्या एका कंपनीनं यावर पेटी काढली. एखाद्यानं अंगात घातलेला कपडा त्यांच्या प्रयोगशाळेत द्यायचा. त्यावरच्या वासात काय काय आणि किती आहे ते शोधून ते त्याची कृती बनवायचे. मग पेटीतल्या कुपीत भरलेल्या द्रव्यांतून पेटी ते मिश्रण तयार करायची आणि जाळीतून थोडं थोडं हवेत सोडायची. कुत्र्याच्या नाकाला पुरेल इतकंच. माणसाला पत्ताही लागायचा नाही. आणखी एक करामत पेटीत होती, तिच्याकडं आम्ही कुणी नीट लक्ष दिलं नाही. भिंगरीच्या गळपट्ट्यात नाडी आणि श्वास मोजायची सोय होती. पेटी मिश्रणात किंचित फेरफार करून बघायची. भिंगरीची नाडी संथ झाली तर तो फेरफार ठेवायची, नाही झाली तर टाकून द्यायची. असं सतत, न कंटाळता. कंपनीचा माणूस पेटी बसवताना म्हणाला की ती हळूहळू शिकते, तेव्हा शालननं कौतुकानं मान डोलावली आणि त्याला चहा दिला.

नमुन्यासाठी मयूरीनं आपला राखाडी स्वेटर हवाबंद पिशवीतून पाठवला होता. तो प्रयोगशाळेत जाऊन परत आला आणि भिंगरीच्या अंथरुणावर पडला, पेटीच्या अगदी पुढ्यात.

पेटीचा गुण आला. भिंगरी पेटीसमोर तोंड करून स्वेटरवर निजायला लागली. शालननं फोन धरून मयूरीला ते दाखवलं आणि मयूरी तिकडं रडली. भिंगरी माझ्या वासानं झोपते, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. मी रोज घरी असते, असंही एकदा म्हणाली. मग ती दिवाळीला यायची होती ते पुढं गेलं, नंतर उन्हाळ्यातलंही पुढं गेलं. शालन मला म्हणायची की पोरीचा जीव तिकडं थाऱ्यावर आला हे बरं झालं. तिचा स्वतःचा जीव थाऱ्यावर होता का, हे मी विचारलं नाही.

एका सकाळी पीठ चाळता चाळता शालन खाली बसली ती उठली नाही. रॉटरडॅमवर तेव्हा वादळ घोंगावत होतं, विमानं बंद होती. विमानं सुरू झाली तेव्हा हिंदुरावांनीच लेकीला सांगितलं की आता येऊन काय करणार, हातातलं काम सोडू नकोस. मयूरीनं सगळे विधी फोनवर पाहिले. तेराव्याच्या आत जावांनी आणि नणंदांनी मिळून घर धुऊन काढलं. शालनच्या साड्या धुऊन, घड्या घालून वाटून टाकल्या. गादी, पांघरूण, उशी, सगळं गेलं. खराड्यांच्या भावकीत तीच रीत आहे, मागं काही ठेवायचं नाही.

भिंगरीनं अन्न सोडलं. दारापाशी जाऊन पडायची. मला वाटलं, ही आठवड्याभराची सोबती. पण हळूहळू ती पुन्हा पेटीपाशी जायला लागली, तिथं पडायला लागली, खायला लागली. शालनला विसरली असेल असं मी समजले, आणि खरं सांगायचं तर मला तिचा थोडा रागही आला.

त्याच सुमारास हिंदुरावांनी आपली खुर्ची उचलून पेटीशेजारी ठेवली. बायको गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता; त्या खुर्चीत मात्र ते दुपारचे डुलक्या काढायचे. विचारलं तर म्हणायचे, भिंगरीला सोबत. एकदा म्हणाले, हितं बरं वाटतं. पिठाच्या धुरळ्यानं त्यांचं नाक केव्हाच गेलेलं. दूध करपून भांडं काळं झालं तरी त्यांना कळत नसे, यावरून शालन त्यांना आयुष्यभर चिडवायची.

यंदा भिंगरीची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. वजन उतरलं, तोंडात फोड आले, मागचे पाय गेले. मी हिंदुरावांना सांगितलं की आता हिला इंजेक्शन देऊन सोडवायला हवं. ते ऐकून घ्यायचे आणि सलाईन लावा म्हणायचे. शेवटी मी मयूरीला फोन केला. तू ये, म्हटलं. तुझी कुत्री आहे, निर्णय तू घे.

म्हणून ती आली होती, आणि आल्या आल्या भिंगरी तिच्यावर गुरगुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला की काकू, जरा येऊन जाता का. आवाज असा होता की भिंगरी गेली असं समजूनच मी निघाले. बघते तर भिंगरी पडवीत शिंकत बसलेली आणि मयूरी आत फरशीवर, पेटीच्या जाळीला नाक लावून.

झालं असं होतं. मयूरीला वाटलं, आपण इतकी वर्षं तिकडचं खाल्लं, तिकडच्या पाण्यानं आंघोळ केली, आपला वास बदलला असेल. भिंगरीला पेटीतली जुनी मयूरी आणि समोरची नवी मयूरी एकच आहे हे पटवायचं म्हणून ती पेटीशेजारी बसली. जाळी साफ करायचं एक बटण पेटीच्या मागं असतं. ते दाबलं की पेटी सगळा जोर लावून हवा सोडते. भिंगरीला आपला भरपूर वास मिळावा म्हणून तिनं ते दाबलं.

"वास घ्या," ती मला म्हणाली.

मी वाकले. आणि शालन आली. तेल नाही, पीठ नाही, साबण नाही. उन्हातून येऊन बाकावर शेजारी बसली आणि अंबाडा सोडला की यायचा तो तिच्या मानेचा वास. मी मयूरीशेजारी बसले आणि पुन्हा जाळीला नाक लावलं. 

हिंदुराव दारात उभे होते. त्यांना काही कळेना. मयूरीनं त्यांना विचारलं की मी पाठवलेल्या स्वेटरचं आईनं काय केलं होतं. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

"धुतला की," ते म्हणाले. "मळका कपडा परक्याच्या हातात कसा द्यायचा, म्हनली. लोक काय म्हनतील. चांगला धुऊन वाळवला आन् त्यो मानूस येईतोवर उशाला घेऊन झोपली. लेकीचा हाय म्हनून."

धुवू नका असं पिशवीवर लिहिलेलं होतं. शालननं ते वाचलंही असणार. पण तिच्या लेखी ते कंपनीच्या लोकांनी भिडेपोटी लिहिलेलं होतं, पाहुणा जसा चहा नको म्हणतो तसं.

मयूरीनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी समजूतदार होती, तिनं पेटीची सगळी माहिती उघडून पाहिली. ती म्हणाली की मुळात कपड्यावर दोन माणसांचे वास होते. एक फिका, एक ताजा. पेटीनं दोन्हींपासून सुरुवात केली. पहिल्या काळात कृती फारशी बदलली नाही. मग एका विशिष्ट दिवसापासून ती झपाट्यानं एका बाजूला सरकत गेली. तो दिवस शालनच्या मृत्यूच्या आसपासचा होता. भिंगरीला जे घरात सापडत नव्हतं, त्याच्या दिशेनं एकेक फेरफार झाला की तिची नाडी संथ व्हायची, आणि पेटी तो फेरफार ठेवून पुढं जायची. स्वेटरमधून फक्त सुरुवात मिळाली होती. बाकीचं भिंगरीनं आपल्या आठवणीतून भरून काढलं होतं.

जिला मी विसराळू म्हणून नावं ठेवत होते, तिनं शालनला एवढं नीट सांभाळून ठेवलं होतं.

"म्हणजे मी इथं कधी नव्हतेच," मयूरी म्हणाली.  ते खरं होतं.

मग तिनं त्या मुलीला विचारलं की ही कृती आम्हाला मिळेल का, कुपी भरून, कायमची. तिथं कायदा आडवा आला. माणसाचा वास बनवून लोक काय काय करतील याची धास्ती घेऊन सरकारनं दोन-तीन वर्षांपूर्वीच नियम केला होता, की कुणाचाही वास त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय बनवायचा नाही. सूट फक्त आजारी जनावराच्या उपचारापुरती. जनावर जिवंत आहे तोवर पेटी चालेल, कुपी महिन्याला येत राहील. ते गेलं की कृती पुसली जाईल. शालनची संमती आता कुठून आणणार? ती मुलगी फार वाईट वाटून बोलत होती. शेवटी तिनं भिंगरीची तब्येत कशी आहे असं विचारलं आणि मयूरीनं बरी आहे असं सांगितलं.

भिंगरी बरी नव्हती. मला माहीत होतं, मयूरीला माहीत होतं. ती लेक आली होती भिंगरीला सोडवण्याचा निर्णय घ्यायला, आणि आता भिंगरीच्या श्वासावर तिची आई टांगलेली होती. तिनं सुट्टी वाढवली. मला म्हणाली, काकू, थोडं थांबू या.

त्यानंतर त्या घरात जे चाललं ते मी बघत होते. रोज दुपारी बापलेक पेटीसमोर बसायचे आणि मागचं बटण दाबायचे. एवढा जोराचा वास भिंगरीच्या नाकाला सोसत नसे. ती शिंकायची, डोकं अंथरुणात खुपसायची. म्हणून तेवढा वेळ तिला उचलून पडवीत नेऊन ठेवायचे. भिंगरीनं जमवलेली शालन आत, आणि भिंगरी बाहेर.

हिंदुरावांना तर त्यातलं काहीच कळत नव्हतं. "येतोय का?" ते विचारायचे. "येतोय, पप्पा," मयूरी सांगायची. मग ते विचारायचे, कसा, आणि ती शोधून शोधून सांगायची की डोक्यावरून न्हाल्यावरचा, तापातला, आपण जत्रेतून चालत आलो तेव्हाचा. ते डोळे मिटून ऐकायचे. एकदाच, बटण बराच वेळ दाबून धरलं तेव्हा, त्यांनी मयूरीचं मनगट पकडलं आणि आत्ता आला, आत्ता आला, असं म्हणत लहान पोरासारखे रडले. तेव्हापासून बटण रोज जास्त वेळ दाबलं जायला लागलं. एका कुपीत भिंगरीचा महिना निघायचा. ती आता लवकर संपायला आली.

मी रागावले नाही असं नाही. भिंगरीच्या कुशीला जखम झाली तेव्हा मी हिंदुरावांना स्पष्ट म्हटलं की हे तुम्ही तिच्यासाठी चालवलेलं नाही.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. त्यांनी भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला. "शालन गेली तवा मी गिरणीत हुतो. मला कळलं बी न्हाई. आता ही गेली की शालन परत जानार, आन् ह्या वेळी मला ठावं असनार. त्ये कसं करायचं, तेवढं सांगा डॉक्टर, मग करू."

 फार शहाणपण शिकवायचा मला अधिकार नव्हता, कारण सलाईन लावायला गेले की मीसुद्धा माझी खुर्ची पेटीच्या बाजूला ओढून घेत होते. मैत्रीण माझीही गेली होती.

शेवट भिंगरीनंच केला. तिला झटका आला. अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला, आणि त्यातून बाहेर आल्यावर ती जी ओरडायला लागली ते थांबेना. मी औषध देऊन तिला शांत केलं. मयूरीनं माझ्याकडं पाहिलं आणि उद्या सकाळी, एवढंच म्हणाली.  हिंदुरावांनी होकाराची मान हलवली. जाताना मी सांगितलं की पेटी चालू ठेवा, स्वेटर अंथरुणावर असू द्या, तिला शेवटी तेवढं पुरे.

सकाळी गेले तर खराड्यांचं घर लख्ख. अंगणात सडा, फरशी पुसलेली, भिंगरीच्या अंगावरून ओलं फडकं फिरवून तिला स्वच्छ केलेलं. तिच्याखाली धुतलेली चादर. मयूरीचे डोळे सुजले होते, पण तिनं केस नीट बांधले होते आणि माझ्यासाठी चहा टाकला होता. दारात उभी राहिली तेव्हा क्षणभर मला ती शालनच वाटली.

भिंगरी चादरीवर नव्हती. ती फिरत होती. मागचे पाय ओढत, भिंत, खुर्ची, कपाट, पुन्हा भिंत, असं हुंगत गोल फिरत होती. पेटीपाशी आली की थांबायची, जाळीला नाक लावायची आणि पुन्हा निघायची.

मी पेटीकडं पाहिलं. दिवा तांबडा होता. कुपी संपली होती. काल दुपारीच, मयूरी म्हणाली. शेवटचं म्हणून जास्त वेळ बसलो होतो. भिंगरीपुरतं उरेल असं वाटलं होतं. नवी कुपी पुण्याहून निघाली होती, पण पोचली नव्हती.

"स्वेटर कुठाय?" मी विचारलं. ते एक बरं होतं. पेटीच्या पुढ्यात एवढी वर्षं पडलेला स्वेटर. त्यात शालन धाग्याधाग्यात मुरलेली असणार. भिंगरीला तो दिला की झालं.

 मयूरीनं परसाकडं पाहिलं, आणि तिच्याबरोबर मीही पाहिलं. दोरीवर राखाडी स्वेटर वाळत होता, बाह्या खाली, कॉलरला चिमटे लावून.

"तुम्ही येणार होता," ती म्हणाली. "त्याला लाळ होती, औषधाचे डाग होते. तिच्या शेवटच्या दिवशी तिला घाणीत कसं झोपवायचं, म्हणून…" 

 आईची लेक होती ती. एवढी वर्षं परदेशात राहून तिचं बोलणं बदललं होतं, खाणं बदललं होतं, कुत्रीनं ओळखू नये इतका अंगाचा वास बदलला होता. हे तेवढं बदललं नव्हतं.

तिनं धावत जाऊन स्वेटर काढून आणला. अजून दमट होता. त्यात तोंड खुपसून तिनं वास घेतला, उलटा करून घेतला, काखेत, कॉलरमध्ये घेतला. मग तो भिंगरीच्या वाटेत पसरून शेजारी बसली. भिंगरी आली. स्वेटर हुंगायला तिनं बराच वेळ लावला, एक बाही, दुसरी बाही. मग मयूरीचा हात हुंगला. या वेळी ती गुरगुरली नाही. ती पुढं निघून गेली आणि पेटीच्या जाळीला नाक लावून उभी राहिली.

तिचे पाय थरथरत होते. मी मयूरीला नजरेनं विचारलं आणि तिनं होकार दिला. हिंदुराव आपल्या खुर्चीत बसले, वाकून त्यांनी भिंगरीच्या मानेवर हात ठेवला. मी पहिलं इंजेक्शन दिलं, गुंगीचं. ते चढायला थोडा वेळ लागतो.

"मयू," हिंदुराव पेटीकडं बघत म्हणाले, "येतोय का?"

तांबडा दिवा त्यांच्या बाजूनं दिसत नव्हता. कुपी संपल्याचं मयूरीनं त्यांना सांगितलेलं नसावं. ती त्यांच्या पायाशी सरकली, त्यांच्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला.

"येतोय, पप्पा."

"कसा?"

"डोक्यावरून न्हाल्यावरचा," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा सैल पडला. माझं नाक शाबूत आहे. त्या खोलीत त्या सकाळी फक्त साबणाचा वास होता.

भिंगरीला मात्र असं काही सांगता येत नव्हतं. गुंगी चढून तिचे पुढचे पाय दुमडले, ती खाली बसली, तरी तिनं जाळीवरचं नाक काढलं नाही. नाकपुड्या हलत होत्या. मी दुसरं इंजेक्शन भरून घेतलं आणि त्या हलायच्या थांबेपर्यंत वाट पाहिली.